हायस्कूलच्या पालकसभेत मुलाच्या अडखळण्याबद्दल विचारू का? (मदत हवी आहे)

नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

मुलगा १३ वर्षांचा, पुढच्या वर्षी हायस्कूलला जाईल. येत्या गुरुवारी संध्याकाळी नव्या मुलांच्या पालकांसाठी माहिती-सभा आहे, दीड तासाची. मोठ्या मुलीच्या वेळी अशाच एका सभेला गेले होते. पडद्यावर निकालाचे आकडे, प्रयोगशाळा, मैदान, सगळं झालं. मग "कोणाला काही विचारायचंय का?" म्हटल्यावर एका गृहस्थांनी गणवेशाच्या रंगावर वीस मिनिटं खाल्ली. घरी आले तर लेकीने विचारलं, "मला दोन भाषा एकदम घेता येतील का?" माझ्या हातात चकचकीत पुस्तिका, आणि उत्तर काही नाही. तिचं निभावलं.

याचं तसं नाही. तो बोलताना अडखळतो, चार वर्षांचा असल्यापासून. आत्ताच्या शाळेत सगळ्यांना ते माहीत आहे, त्यामुळे कोणी वळूनही बघत नाही. नव्या शाळेत दर तासाला वेगळे शिक्षक, म्हणजे आठ-नऊ अनोळखी माणसं. त्यात पुस्तिकेत वाचलं की वर्गासमोरच्या सादरीकरणाला गुण आहेत. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

सभेत विचारायचं मी ठरवलं होतं, आणि जेवताना ते बोलून बसले. त्याने ताट सरकवलं. "तिथे माझ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाहीस." अख्खं वाक्य एकदाही न अडखळता, यावरून राग किती होता ते ओळखा. नवरा म्हणतो, त्याचं त्याला बघू दे.

तर, विचारू की नको? विचारायचं तर कोणाला? आणि निमंत्रणात मुलांनाही बोलावलंय, त्याला घेऊन जाऊ का?

– सांजवेळ

*

मी टेबलाच्या पलीकडे बसणारा, म्हणजे शिक्षक. अशा सभा १९ वर्षं करतोय.

सभागृहातला भाग शाळेचा असतो, नंतर टेबलांपाशी जे होतं ते तुमचं. सभागृहात हात वर करू नका. मुख्याध्यापक "आमच्याकडे प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिलं जातं" म्हणतील आणि तुम्ही तेच घेऊन घरी याल.

टेबलापाशी "तुम्ही सांभाळून घेता ना?" असंही विचारू नका, याला नाही कोण म्हणणार? असं विचारा: "गेल्या वर्षी एखाद्या मुलाला सगळ्या वर्गासमोर बोलणं जड जात होतं का? त्याचं सादरीकरण कसं घेतलंत?" ज्यांनी हे खरंच केलंय ते लगेच सांगतात: चार मुलांच्या गटात घेतलं, घरून ध्वनिमुद्रण आणायला सांगितलं, वेळ वाढवून दिला. ज्यांनी केलेलं नाही ते म्हणतात, "व्यवस्था होऊ शकते." फरक तिथल्या तिथे कळतो. आणि यात तुमच्या मुलाचं नाव कुठेच येत नाही, म्हणजे त्याला दिलेला शब्दही राहतो.

दुसरं, ही माहिती सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचवतं कोण आणि कधी, ते विचारा. एकदा मला कोणी सांगितलं नव्हतं. मी एका मुलाला उभं करून धडा वाचायला लावला. तो गप्प. अभ्यास केला नसेल असं धरून मी त्याला बोललो. अजून आठवतं.

– खडूफळा

*

+१. एक छोटी भर. सादरीकरणाचे गुण कशाकशाला आहेत ती गुणविभागणी मागून घ्या. 'ओघवतेपणा'ला वेगळे गुण असतील तर खरा प्रश्न तिथे आहे. आशयाला आणि मांडणीलाच असतील तर अर्धी काळजी आत्ताच सोडा. दाराशी बिल्ला लावून मोठी मुलं उभी असतात ना, त्यांच्याशीही बोला. शिक्षकांपेक्षा खरं सांगतात.

– टाचण

*

त्याला रोज आरशासमोर सावकाश, श्वास घेऊन बोलायला सांगा. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्जसुद्धा अडखळत असे. इच्छाशक्ती हवी.

– उंबरठा

*

उंबरठा, राग मानू नका, पण 'सावकाश बोल, श्वास घे' हे ऐकतच मी ४१ वर्षांचा झालोय. त्या राजाची गोष्टही मी लहानपणापासून ऐकतोय. राजाचं अडखळणं शेवटपर्यंत पुरतं गेलं नव्हतं, ते मात्र कोणी सांगत नाही.

सांजवेळताई, मी स्वतः अडखळतो. १०० मुलांमधली ५ तरी लहानपणी कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं आपोआप जातं, मोठ्यांमध्ये साधारण १ टक्का उरतो. तेराव्या वर्षीही आहे म्हणजे पुढेही राहण्याची शक्यता बरीच, असं धरून चाला. आणि तुमच्या वाढवण्यात काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. हे विचारलं नाहीत, तरी सांगतो.

तुम्ही सादरीकरणाला घाबरलात. मला त्यापेक्षा हजेरीची धास्ती असायची. एखादा शब्द अडतोय असं वाटलं की आम्ही ऐन वेळी दुसरा घालतो ('उशीर' अडला की 'वेळ झाला'), त्यामुळे आमचा शब्दसाठा चांगला असतो! पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? पहिल्या दिवशी दर तासाला "प्रत्येकाने उभं राहून नाव सांगा" असतं. आठ तास, आठ वेळा. दुसरा छळ म्हणजे ओळीने एकेक परिच्छेद वाचणं. आपल्या वाट्याला कुठला येणार ते मोजण्यात धडा निघून जातो.

याला एक साधी वाट आहे. दोघांनी एकत्र, एका आवाजात वाचलं तर अडखळणं जवळपास नाहीसं होतं. गाताना होतं तसंच. जोडीने वाचायला लावतात का, एवढं भाषेच्या शिक्षकांना जरूर विचारा.

त्याच्या रागाबद्दल: त्याने स्वतः सांगायच्या आधी तुम्ही सांगणार, हे त्याला नकोय. त्याला न्या, पण शेजारी उभं करून बोलू नका.

– कडेकडेने

*

हजेरीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नऊ वर्षं आई आहे मी या गोष्टीची. पण तो या विषयावर बोलतच नाही हो, उठून जातो.

– सांजवेळ

*

मग बोलू नका. चार-पाच गोष्टी कागदावर लिहा आणि त्याच्या टेबलावर ठेवा. नको ते खोड, राहिलं असेल ते घाल, एवढंच. समोरासमोर बसवून विचारलं की आम्ही पळतो.

– कडेकडेने

*

जाऊन आले. उशिरा लिहितेय.

कागद दोन दिवस तसाच पडून होता. बुधवारी सकाळी डब्याखाली सापडला. पाचांपैकी तीन गोष्टी खोडलेल्या, 'सादरीकरण लहान गटात' सुद्धा! ठेवल्या फक्त दोन, हजेरी आणि ओळीने वाचणं. खाली स्वतःची एक घातलेली: 'माझं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. (आईनेपण.)' मी करते हे मला माहीतच नव्हतं.

सभागृहात अपेक्षेप्रमाणे. एका पाटीवर 'किशोरवयीन मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी' आणि पुढच्याच पाटीवर पहिला तास सकाळी साडेसातला. कोणी हसलं नाही, मीही नाही.

टेबलांपाशी खडूफळांचा प्रश्न दोन ठिकाणी विचारला. पहिल्या बाई शब्दशः "व्यवस्था होऊ शकते" म्हणाल्या, मला हसू आवरेना. भाषेचे सर मात्र दहा मिनिटं बोलले. जोडीने वाचन ते सगळ्यांनाच देतात, म्हणजे कोणी एकटा वेगळा पडत नाही. हजेरीला हात वर केला तरी चालतं. गुणविभागणीत ओघवतेपणाला वेगळे गुण नाहीत (टाचण, आभार!). शाळा सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी एक चिठ्ठी द्या, ती सगळ्या शिक्षकांकडे फिरवतो म्हणाले. हा तोवर एका बिल्लेवाल्या मुलासोबत प्रयोगशाळा बघायला गेला होता. काय बोलले, विचारलं नाही.

आता नवीनच. चिठ्ठी मी लिहायला घेतली तर म्हणाला, मी लिहितो. चार ओळींची लिहिलीय, चांगली आहे. तीन ऱ्हस्व-दीर्घ चुकलेत आणि 'शिक्षकांना'वरचा अनुस्वार गायब आहे. दुरुस्त करू का?

– सांजवेळ

*

हात लावू नका. अशीच द्या.

– खडूफळा