गरोदरपणात व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह १:३२’. बायकोला कसं सांगू?

सीएनसी_चाकण

नमस्कार. वय २९, चाकणला सीएनसी मशीनवर आहे. बायकोला चौदावा आठवडा चालू आहे. गावाकडच्या दवाखान्यात पहिल्या तपासणीला रक्त घेतलं, त्यात व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी, रिॲक्टिव्ह १:३२ आलं. त्याची खात्री करणारी टीपीएचए चाचणीपण पॉझिटिव्ह. रिपोर्ट आणायला मी आणि आई गेलो होतो. तिथल्या बाईंनी आईसमोरच विचारलं, “सुनेचं लग्नाआधी काही होतं का?” तेव्हापासून आई तिच्याशी धड बोलत नाही. बायकोला मी ‘रक्तात थोडं इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलंय.

खरं इथे लिहितो. गेल्याच्या आदल्या दिवाळीत, लग्नाआधी, रूमवरच्या पोरांबरोबर एकदा गेलो होतो. तीनेक आठवड्यांनी लघवीच्या जागी एक फोड आला. कडक, शर्टाच्या बटणासारखा, पण दुखत नव्हता. मेडिकलमधून मलम घेतलं, महिन्याभरात गेला. मग जानेवारीत दोन्ही तळहातांवर तांबूस डाग आले. खाज नाही, काही नाही. सुपरवायझर म्हणाला कूलंटची ॲलर्जी आहे, हातमोजे घाल. तेही गेले. फेब्रुवारीत लग्न झालं.

आता मला काहीच त्रास नाही. माझीपण तपासणी लागेल का? बाळाला काय होईल? आणि तिला सांगू कसं?

नगरकर७

भाऊ, याला आमच्याकडे गरमी म्हणतात. सब्जा, गुलकंद, रात्री भिजवलेल्या धण्याचं पाणी चालू करा. उष्णता उतरली की रक्त साफ होतं. घाबरू नका.

लॅबमधली ताई

नगरकरदादा, तुम्ही मनापासून सांगितलंत, पण या ‘गरमी’ शब्दानेच आपल्याकडे फार नुकसान केलंय. हा उष्णतेचा आजार नाही. ट्रेपोनेमा नावाचा मळसूत्रासारखा पिळदार जंतू आहे, तो सब्ज्याने मरत नाही. आयुर्वेदात भावमिश्रांनी सोळाव्या शतकातच याला ‘फिरंग’ म्हटलं, फिरंग्यांबरोबर आला म्हणून. म्हणजे हा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो हे तेव्हाच्या वैद्यांनाही कळलं होतं.

मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं काम केलं. दादा, तू लिहिलेला फोड आणि ते तळहात वाचून मला पुढचं विचारावंच लागलं नाही. न दुखणारा कडक फोड ही पहिली पायरी. उपचार केले नाहीत तरी तो तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, तुझ्या मलमाने तो गेला नाही. तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग ही दुसरी पायरी. तेही जातात. मग जंतू अंगात गप्प बसतो, आणि काहींना पुढे कित्येक वर्षांनी हृदयाची महाधमनी नाहीतर मेंदू धरतो. ‘आपोआप बरं झालं’ म्हणणारी किती माणसं माझ्या खिडकीशी आली, त्याला गणती नाही.

आता ते १:३२. आम्ही रक्तातला सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवतो, काचेच्या पट्टीवरच्या गोलात एक थेंब घालतो, त्यात अँटिजेनचा थेंब, आणि चार मिनिटं यंत्रावर फिरवतो. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसल्या की रिॲक्टिव्ह. मग सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं. १:३२ म्हणजे ३२ पट पातळ करूनही गुठळ्या दिसल्या. उपचारानंतर हाच आकडा उतरायला हवा. १:३२ वरून १:८ आला की दोन पायऱ्या उतरला, औषध लागू पडलं असं धरतात. टीपीएचए मात्र बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्ह राहतं, पुढे कुणी त्यावरून घाबरवलं तर घाबरू नका. उपचाराची फाईल जपून ठेवा.

उपचार जुनाच आहे, बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. एकच डोस की आठवड्याच्या अंतराने तीन, हे संसर्ग किती जुना आहे त्यावर डॉक्टर ठरवतील. दुधासारखं दाट औषध असतं, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं देतात, दुखतं. तिचा तारखेचा डोस चुकवू नका, गरोदरपणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. तिला पेनिसिलिन चालत नसेल तर आधीच सांगा. त्याला पर्याय म्हणून दिल्या जाणाऱ्या डॉक्सीच्या गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत. पहिल्या दिवशी ताप, थंडी येऊ शकते. पोटात कळा आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा.

बाळाचं म्हणशील तर वेळेत कळलंय. उपचार राहिले तर पोटात मूल जाऊ शकतं, नाहीतर जंतू घेऊन जन्मू शकतं. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी पूर्ण उपचार झाले तर बाळ वाचण्याची खूप चांगली आशा असते. तुमच्या हातात पाच महिने आहेत.

तुझी तपासणी आणि उपचार दोन्ही लागतील. जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ विचार, तिथे समुपदेशक असतात. दोघांची एचआयव्ही तपासणीही करा. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत जवळ येऊ नका, नाहीतर तिला पुन्हा होईल.

आणि सांगायचं कसं? रिपोर्ट तिचा आहे, दादा, तिच्या रक्ताचा. तिच्यापासून लपवून तिला इंजेक्शनं द्यायची, हे मला पटत नाही. समुपदेशकासमोर सांग, पण तूच सांग. आईलासुद्धा.

दोन_लेकरांची_आई

ताईंशी शंभर टक्के सहमत. माझ्या पहिल्या खेपेला व्हीडीआरएल १:२ आलं होतं. सासरी आठ दिवस माझं ताट वेगळं केलं. मग टीपीएचए केली, ती निगेटिव्ह. गरोदरपणात असा खोटा रिॲक्टिव्ह येऊ शकतो, हे मला कुणी आधी सांगितलंच नाही. ते आठ दिवस मी अजून विसरलेले नाही. तुमच्या आईंना आजच सांगा, उद्यावर टाकू नका.

लॅबमधली ताई

हो, म्हणूनच नुसत्या व्हीडीआरएलवर कुणाला दोष द्यायचा नसतो. ती चाचणी जंतू पकडत नाही. त्याने शरीरात जी मोडतोड होते, तिची खूण पकडते, आणि तशी खूण मलेरियात, ल्युपसमध्येही उमटते. पण १:३२ आणि सोबत टीपीएचए पॉझिटिव्ह, हा तसला रिपोर्ट नाही. दादा, थांबू नकोस.

सीएनसी_चाकण

अकरा दिवसांनी लिहितोय. माझं १:६४ आलं. समुपदेशक मॅडमसमोर सगळं सांगितलं. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग मॅडमना विचारलं, “बाळाचं रक्त कधी तपासणार?” मला काहीच विचारलं नाही. त्या रात्री ती माहेरी गेली.

आईला मीच सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी एकटी एसटीने तिच्या माहेरी गेली आणि तिची माफी मागून आली. काय बोलणं झालं ते दोघींपैकी कुणी सांगितलं नाही.

तिला दोन इंजेक्शनं झाली. पहिल्या रात्री १०१ ताप होता, सासऱ्यांनी डॉक्टरांना फोन केला, सकाळी उतरला. दुसऱ्या वेळी मी दवाखान्याबाहेर उभा होतो. तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “तारीख बघून ठेवा.” बुधवारी तिसरं आहे. रजा टाकली आहे.