‘फाउंडेशन्स फॉर फार्मिंग’: या शेतीशिक्षणातून देव वगळता येईल का? वाफसा, ढेकूळ आणि तिफण या तिघांचा वाद

वाफसा
झिम्बाब्वेतल्या हिंटन इस्टेटवर ब्रायन ओल्ड्रिव्ह यांनी 1980 च्या दशकात नांगरट सोडून मका घेतला. त्यातून ‘फार्मिंग गॉड्स वे’ आणि ‘फाउंडेशन्स फॉर फार्मिंग’ ही ख्रिस्ती श्रद्धेवर आधारलेली शेतीची प्रशिक्षणं उभी राहिली. जंगलात कोणी नांगरत नाही, तिथल्या मातीवर पालापाचोळ्याचं पांघरूण असतं आणि ते देवाने घातलेलं आहे, इथून शिकवणी सुरू होते. मग चार नियम: वेळेवर, नेमकं, नासाडी न करता, आनंदाने.

यातून देव वगळा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पद्धत कळायला सोपी आहे, पाळायला कठीण. दोरीला 60 सेंमीवर गाठी मारायच्या, दोरी उताराला आडवी ताणायची, गाठीगणिक 15 सेंमी खोल खड्डा. दोन ओळींत 75 सेंमी. तळाशी अर्ध्या लिटरचा डबाभर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, त्यावर थोडी माती. चांगला पाऊस झाला की तीन दाणे, वर 5 सेंमी माती. उगवल्यावर विरळणी करून दोन रोपं ठेवायची. हेक्टरी 22,222 खड्डे होतात. हजाराव्या खड्ड्यातही डबा शिगोशीग ओतायचा, ही शिस्त फुकटच्या बियाण्याने येत नाही. जमीन परमेश्वराची, आपण तिचे राखणदार, असं मनापासून मानणारा ती पाळतो.

ढेकूळ
वाफसा, शिस्तीचं महत्त्व मान्य. पण उत्पन्न का वाढतं ते आधी पाहा. शेतभर फेकलेलं खत तणांनाही मिळतं, खड्ड्यातलं थेट मुळाशी जातं. बैल भाड्याने मिळेपर्यंत थांबायचं नसल्याने पेरा लवकर होतो. खड्ड्यात पाणी साठतं, आच्छादनाने टिकतं. यातलं एकही कारण श्रद्धेवर अवलंबून नाही.

आपल्याकडे नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं ‘एसआरटी’ (सगुणा राइस टेक्निक) हे भाताचं तंत्र बघा. भाताला चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने भोकं पाडून टोकणी, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच. तिथे शेतकऱ्याला कुणी त्याचा धर्म विचारत नाही आणि तो अंतर बरोबर पाळतो.

माझी खरी हरकत दुसरीच आहे. ‘देवाच्या पद्धतीने’ केलेलं पीक जळालं तर गरीब माणसाने काय समजायचं? आपली भक्ती कमी पडली? पावसाने तीन आठवडे ओढ दिली, अमेरिकन लष्करी अळी पोंग्यात शिरली, यात त्याचं पाप कसलं? असं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायचा कुणालाही हक्क नाही.

तिफण
दोघेही आच्छादनावरून भरभर पुढे गेलात. सगळं अडतं तिथेच.

माती दिसणार नाही इतका थर हवा, किमान अडीच सेंमी. झिम्बाब्वेच्या सामाईक जमिनींवर मक्याची कापणी झाली की गावची गुरं मोकळी सुटतात आणि ताटं फस्त करतात. उरलेल्याला वाळवी लागते. पाऊस सुरू होईपर्यंत जमीन उघडी. मग नांगरट नाही आणि आच्छादनही नाही, म्हणजे तण दुप्पट आणि माती टणक. आधीच्यापेक्षा वाईट.

उपाय आहेत. क्षेत्र लहान ठेवा, काटेरी कुंपण करा, बी धरण्याआधी कापलेलं बाहेरचं गवत आणा. बी धरलेलं गवत आणलं तर तण स्वतःच पेरलं समजा. ताटं मातीत गाडू नका, कुजताना ती नत्र ओढून घेतात आणि मका पिवळा पडतो. वर पसरलेली असली तर हा त्रास बराच कमी, तरी चार-पाच आठवड्यांनी नत्राचा हप्ता द्याच. पुढच्या हंगामात निम्म्या तुकड्यावर चवळी किंवा घेवडा.

वाफसा
देव वगळल्यावर काय होतं याचं उदाहरण समोर आहे. झिम्बाब्वे सरकारने 2020 मध्ये हीच पद्धत ‘फुमवुद्झा’ नावाने देशभर नेली. खड्डे तयार असतील तर बी-खत, अशी अट. लोकांनी खड्डे खणले, बी-खत घेतलं, आणि पुष्कळ ठिकाणी आच्छादन घातलंच नाही. देवाचं पांघरूण मानणारा ते विसरत नाही. बियाण्यासाठी खणणारा विसरतो.

ढेकूळ
तो विसरत नाही, त्याच्या हातात तेवढा वेळ नसतो! खड्ड्यांच्या शेतीला शोना भाषेत लोकांनी ‘दिगा उफे’ म्हटलं: खण आणि मर. खणणी आणि खुरपणी बहुतेक बायकांच्या वाट्याला येते.

आणि फुमवुद्झाचा हिशेब करा. तुकडा 39 बाय 16 मीटर. 52 ओळी, ओळीत 28 खड्डे, एकूण 1,456. एका ओळीची 56 कणसं म्हणजे 20 लिटरची बादलीभर दाणे, सहा जणांच्या घराला आठवडाभर. 52 ओळी, 52 आठवडे. ऐकायला फार छान. पण बादलीत सुमारे 15 किलो दाणे मावतात. म्हणजे प्रत्येक कणसाला 268 ग्रॅम दाणे हवेत, तेही एकही तूट न पडता. हेक्टरी साडेबारा टन झाले! तिथला लहान शेतकरी हेक्टरी टनाच्या आसपास असतो. दीडशे ग्रॅमचं कणीस धरलं तर तुकड्यातून 437 किलो येतात. तेही सध्याच्या कित्येक पट आहेत, तेवढंच सांगा ना.

2020-21 ला देशाचं पीक उत्तम आलं, पण पाऊसही उत्तम होता. 2023-24 ला एल निनोने मका करपला, तेव्हा खड्डेही होते आणि प्रार्थनाही होत्या.

तिफण
मजुरीबद्दल एक. पाऊस संपल्यावर ओल आहे तोवर खणायला घ्या, सप्टेंबरच्या टणक जमिनीत खणू नका. रोज दीडशे खड्डे धरले तर दहा दिवसांत तुकडा होतो. दुसऱ्या वर्षी तेच खड्डे नुसते उकरायचे असतात, श्रम पुष्कळ कमी. खुरपणी तण बोटाच्या पेरापेक्षा मोठं होण्याआधी, वरवर. आणि पाणी साचणाऱ्या चिकणमातीत हे खड्डे नकोतच, मुळं कुजतात.

वाफसा
437 किलोचा आकडा मला मान्य, यापुढे तोच सांगावा. नापिकीला अविश्वास म्हणणारा चर्चचा पाळक चुकतो, हेही स्पष्ट म्हणतो. पण प्रार्थनेने सुरुवात करू नका, हे मी मानणार नाही. तिथले शेतकरी बहुतेक ख्रिस्तीच आहेत, चर्चची मंडळी दर रविवारी भरते, आणि कृषी सहायक निघून गेल्यावर आच्छादन उरलंय का ते बघायला तीच गावात असते.

ढेकूळ
मग मंडळीच्या प्रात्यक्षिकाशेजारी तेवढाच तुकडा नांगरून ठेवा. तेच बियाणं, तोच पेरा, तेवढंच खत. कणसं सगळ्यांसमोर मोजा, आणि मंडळीत न येणाऱ्या शेजाऱ्यालाही मोजायला बोलवा.