पंचेचाळिशीनंतर स्नो शॉव्हल करावा (फावड्याने बर्फ काढावा) का?

गारठलेला: पंचेचाळिशी ओलांडली, व्यायाम नाही, वर बीपी किंवा शुगर असेल तर फावडं उचलूच नये, पैसे देऊन स्नो काढून घ्यावा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ च्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली आला. २० सें.मी. बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांत हार्ट अटॅकने दाखल होण्याची शक्यता १६ टक्के, तर मृत्यूची ३४ टक्के जास्त. बायकांत तसं दिसलं नाही. त्यात आपल्याकडच्यांना पहिला अटॅक इतरांच्या मानाने सरासरी पाच-सहा वर्षं आधीच येतो. भारतातून आलेले बाबा 'तेवढाच व्यायाम' म्हणत बाहेर पडतात, त्यांना आधी आवरा.

चिवट: असहमत. १६ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या सोळांना अटॅक नव्हे. एका दिवसाचा मूळ धोकाच लहान, त्यात सहाव्या हिश्श्याची भर. शिवाय फावडं कोणी मारलं याची त्यात नोंदच नाही, फक्त हवामान आणि हॉस्पिटलच्या नोंदी जुळवल्यात. रोज चालणाऱ्या-पळणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला बंदी कशाला?

नाडीपरीक्षा: @चिवट, बायकांत परिणाम का नाही, याचं फावड्याखेरीज दुसरं पटणारं कारण द्या! बैठ्या माणसाचं तर मोजूनच झालंय. १९९५ चा अमेरिकेतला प्रयोग: १० तरुण, निरोगी पण व्यायाम नसलेले पुरुष आणि ओला, जड बर्फ. दोन मिनिटांत नाडी कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपलीकडे. पुढे नाडी १७५ च्या आसपास, वरचं बीपी १९८; हे बीपी ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवल्यावर होतं त्याहून जास्त. सगळा भार हातांवर, पाय जागच्या जागी, उचलताना श्वास रोखलेला, आणि थंडीने आवळलेल्या रक्तवाहिन्या.

चिवट: म्हणूनच पद्धत बदला म्हणतो. १५ बाय ४ मीटरचा ड्राइव्हवे (घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट), २० सें.मी. थर म्हणजे १२ घनमीटर. भुसभुशीत असेल तर टनभर, ओला असेल तर तीन टनसुद्धा. हे एका दमात कशाला? दर ५ सें.मी.ला एकदा काढा. ढकला, उचलू नका. उचलावंच लागलं तर अर्धंच फावडं, आणि श्वास सोडत. प्लाव (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढीग करून जातो तो सगळ्यात वाईट, त्याचे आधी काप करा.

नाडीपरीक्षा: कागदावर छान. पण बोस्टनसारख्या शहरात बर्फ थांबल्यावर ३ तासांत फुटपाथ मोकळा करायचा असतो, नाहीतर दंड. ऑफिसच्या घाईत दम खायला कोण थांबतं?

तेलपाणी: स्नोब्लोअर (बर्फ उडवणारं मशीन) घ्या की. त्याच प्रयोगात मशीनवर नाडी १२४ च्या आसपासच राहिली. मात्र ओल्या बर्फाने तोंड तुंबलं तर इंजिन बंद करूनच काठीने मोकळं करा. बंद केल्यावरही आतलं पातं झटका देतं, बोटं जातात. आणि बंद गॅरेजात सुरू करू नका.

गारठलेला: स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी मशीनसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंडीत दरदरून घाम: 'गॅस असेल' म्हणत उरलेला कोपरा साफ करत बसू नका. लगेच ९११ ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर ते सांगतील तशी ॲस्पिरिन चावून खा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

चिवट: हे शंभर टक्के मान्य. सरसकट वयाची अट तेवढी अजून पटलेली नाही.