मदत हवी आहे: एकूण साठा जुळतो, पण लॉट दाखवलेल्या कप्प्यात सापडत नाही

शिवडीकर
आमचे शिवडीला खाद्यपदार्थांचे गोदाम आहे. सॉफ्टवेअर सांगते की अमुक लॉटचे (एकाच वेळी बनलेल्या मालाच्या गटाचे) १२ खोके बी-०४ या बिनमध्ये आहेत; मुले तिथे जातात तेव्हा कप्पा रिकामा असतो आणि तोच माल सी-११ मध्ये निघतो. महिनाअखेरीस एकूण आकडा मात्र बरोबर येतो. उद्या सकाळी दोन गाड्या भरायच्या आहेत, त्यामुळे कृपया थेट उपाय सांगावा.

हिशेबनीस
सॉफ्टवेअर कोणते, माल एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवताना नोंद कोण करते, आणि ती हाताने होते की स्कॅनरने, हे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार?

मशीदबंदर
टॅली वापरा. मुख्य गोदामाच्या पोटात प्रत्येक कप्प्याचे उपगोदाम उघडा आणि बॅचची सोय चालू करा. आम्ही मसाल्याचा सगळा व्यवहार असाच सांभाळतो.

हिशेबनीस
आपल्याकडे कप्पे किती? तीस-चाळीस असतील तर ठीक आहे. चारशे कप्प्यांची चारशे उपगोदामे झाली की चलान करणारा माणूस यादीतच हरवतो. शिवाय प्रश्न सॉफ्टवेअर बदलण्याचा नाही.

मशीदबंदर
आमचे साठ आहेत आणि अजून कोणी हरवलेले नाही.

पावसाळी
आपण खोके थेट फरशीवर ठेवत असाल तर कृपया पॅलेट वापरा. शिवडीच्या दमट हवेत पुठ्ठा खालून लगेच मऊ पडतो.

शिवडीकर
पॅलेट आहेत. सॉफ्टवेअर एका स्थानिक कंपनीने बनवून दिलेले आहे आणि त्यांचा फोन लागत नाही. आवक दिवसपाळीचे काका पुरवठादाराच्या चलानवरून हाताने टाइप करतात. रात्रपाळीची मुले माल हलवताना खोक्यावरचा बारकोड स्कॅन करतात. उचल मुदतीच्या क्रमाने, म्हणजे आधी संपणारा माल आधी, अशी लावलेली आहे.

रात्रपाळी
बी-०४ चा लॉटनिहाय अहवाल काढून कुठे ऋण शिल्लक दिसते का ते पाहा. खोक्यावर बारकोडखाली छापलेली अक्षरे आणि स्कॅन केल्यावर नोटपॅडमध्ये उमटलेली अक्षरे, दोन्ही इथे जशीच्या तशी लिहा.

शिवडीकर
ऋण शिल्लक आहे, उणे १२. छापील मजकूर (१०) के२४१ (१७) २७०३३१ असा आहे. नोटपॅडमध्ये १०के२४११७२७०३३१ उमटले.

रात्रपाळी
मग दोष इथेच आहे. जीएस१च्या, म्हणजे बारकोडच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, पद्धतीत १० म्हणजे लॉट आणि १७ म्हणजे मुदत, इथे ३१ मार्च २०२७. लॉटची लांबी ठरलेली नसते, तो वीस अक्षरांपर्यंत असू शकतो; म्हणून तो कुठे संपला हे सांगायला पुढे एक अदृश्य विभाजक असावा लागतो. तो छापलेलाच नसेल किंवा आपला स्कॅनर गाळत असेल, तर सॉफ्टवेअर मुदतीचे आकडेही लॉटचेच समजून के२४११७२७०३३१ असा नवा लॉट उघडते. काकांनी टाइप केलेला के२४१ बी-०४ मध्ये अधिक १२ म्हणून राहतो, मुलांनी हलवलेला खोटा लॉट तिथेच उणे १२ होतो आणि सी-११ मध्ये अधिक १२. बेरीज बारा, म्हणून महिनाअखेरीस कोणाला काही कळत नाही. खोट्या लॉटला मुदतच नसल्याने उचलीच्या क्रमात त्याचा नंबर लागत नाही.

हिशेबनीस
पण साठ्यात नसलेला लॉट हलवू दिलाच कसा? ऋण साठ्याची मुभा बंद असती तर पहिल्याच रात्री हे उघड झाले असते.

रात्रपाळी
ती बंद कराच, पण आज नको. आधीच्या नोंदी अडकतील. आज रात्री फक्त या मालाचे कप्पे मोजा आणि खोट्या लॉटचा साठा दुरुस्ती नोंदीने के२४१ मध्ये वळवा. लॉट पुसून टाकू नका, कारण माल परत मागवायची वेळ आली तर जुन्या हालचाली दिसायला हव्यात. मग स्कॅनर त्या विभाजकाच्या जागी एखादे दिसणारे चिन्ह पाठवील अशी मांडणी करा आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तिथे लॉट तोडायला सांगा. पुरवठादार मुदत आधी आणि लॉट शेवटी छापणार असेल तर विभाजकाची गरजच उरत नाही, कारण मुदत नेहमी सहाच अंकांची असते.

मशीदबंदर
आमच्याकडे लॉट हातानेच लिहितात. ही भानगडच नाही.

शिवडीकर
मोजणी झाली, असे सात लॉट निघाले. पुरवठादार पुढच्या खेपेपासून क्रम बदलायला तयार आहे. रॅकवरच्या जुन्या खोक्यांवर तोवर आमचेच स्टिकर लावतो. पहिली गाडी भरायला घेतली आहे.