दुधाच्या पिशव्या धुतेय, पण बाकीच्या पॅकिंगचं नक्की करायचं काय?

बाल्कनीत_पसारा:
नमस्कार मंडळी. पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. ओला-सुका वेगळा करायला लागून दोन वर्षं झाली, ओल्याचं काही अडत नाही पण सुक्याने डोकं उठवलंय. ऑनलाइन ऑर्डरचे खोके, श्रीखंडाचे डबे, ज्यूसचे टेट्रापॅक, वेफर्सची पाकिटं, बाहेरून जेवण मागवलं की येणारे ते काळे डबे, सगळं एकाच पोत्यात भरून मी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना द्यायचे. परवा त्यांनी माझ्यासमोरच पोतं ओतलं आणि निम्मं बाजूला काढलं, घेण्यासारखं नाही म्हणाल्या. शेजवान चटणीची डबी आत उघडली होती आणि सगळा पुठ्ठा लाल. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्याखाली त्रिकोणात नंबर असतो म्हणजे रिसायकल होतंच ना? आणि सगळं धुवायचं तर पाणी किती जाईल, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. सासूबाई म्हणतात एवढे सोपस्कार कशाला, शेवटी सगळं एकाच गाडीत जातं.

वजनकाटा:
मामाचं भंगारचं दुकान आहे, शाळेत असताना सुट्टीत तिथेच बसायचो, म्हणून सांगतो. त्रिकोणातला नंबर म्हणजे प्लास्टिक कुठल्या जातीचं एवढंच, ते रिसायकल होईलच असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं. 1 म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्या. 2 शाम्पूच्या बाटल्या, 4 दुधाच्या पिशव्या, 5 तुमचे श्रीखंडाचे डबे, आणि ही चारही विकली जातात. 6 मध्ये थर्माकोल येतं, त्यात नुसती हवा, टेम्पोभर नेलं तरी काट्यावर वजन येत नाही, मग कोण घेणार. 7 म्हणजे 'इतर', थोडक्यात देव जाणे. मामा तर नंबर बघतच नाही, हातात दाबून आवाजावरून सांगतो.
वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा असा चिकटलेला असतो की सुटा करता येत नाही, ती पाकिटं भंगारात कोणी घेत नाही. जमलीच तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. बाटलीचं बूच मात्र राहू द्या, बाटली चेपा आणि परत लावा. कारखान्यात तुकडे पाण्यात टाकले की पेट बुडतं आणि बुचाचं प्लास्टिक तरंगतं, आपोआप वेगळं होतं.

आधण_ठेवलंय:
पाण्याचं टेन्शन घेऊ नकोस गं. आमच्याकडे आई दुधाची पिशवी रिकामी झाली की त्यात घोटभर पाणी घालून खळखळवते आणि तेच पाणी चहाच्या आधणात 😄 मग पिशवी उलटी करून नळावर अडकवायची, संध्याकाळपर्यंत कोरडी. बाकीचे डबे भांडी घासून झाल्यावर जे शेवटचं पाणी उरतं त्यात विसळायचे, चकचकीत करायची गरज नाही, अन्न निघालं आणि वाळलं की बास.
आणि हो, पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका!! एका बाजूला चिकटलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही, थेट गटारात जातो. घरात रोज दोन पिशव्या म्हटलं तर वर्षाला सातशेच्या वर तुकडे झाले. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत किमान 50 पैसे छापायची असं होतं, पण आमच्या दूधवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडेच बघत बसला.

कोपऱ्यातला_डबा:
सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत हां, आमच्या गावाकडे घंटागाडीत खरंच सगळं एकत्र होतं, डोळ्यांनी बघितलंय.

वजनकाटा:
गावाकडचं माहीत नाही, पण पुण्यात ज्या भागात स्वच्छ संस्थेच्या ताई दारात येतात तिथे विकण्यासारखा माल गाडीत जायच्या आधीच वेगळा होतो, कारण तो विकून आलेले पैसे त्यांचेच असतात. स्वच्छ 2008 ची, पण त्यामागची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे, ही बाई माणसं हे काम आपल्या कितीतरी आधीपासून करतायत. म्हणजे चटणी लागलेला पुठ्ठा दिला की नुकसान त्यांचं. पिझ्झाच्या खोक्याचं पण तेच, तेल पिलेला तळ फाडून टाका, कोरडं झाकण रद्दीत.

खतवाली_आजी:
टेट्रापॅकमध्ये चारातले साधारण तीन भाग कागदच असतो, विसळून कोपरे उघडून चपटं करून ठेवायचं, ते घेणारी ठिकाणं वेगळी असतात, जवळ कुठे आहे ते विचारून घे. आणि त्या 'बायोडिग्रेडेबल' हिरव्या पिशव्यांच्या नादी लागू नकोस. मी एक माझ्या खताच्या ड्रममध्ये टाकली होती, आठ महिन्यांनी काढली तर वरचं लिहिलेलंसुद्धा वाचता येत होतं. त्यांना कारखान्यातल्या खताची उष्णता लागते म्हणे, माझ्या गॅलरीत कुठून येणार.

बाल्कनीत_पसारा:
अपडेट देते. दोन पोती केली, एकात कागद-पुठ्ठा, दुसऱ्यात विसळलेलं प्लास्टिक, आणि वेफर्सची पाकिटं वेगळ्या पिशवीत. आज ताईंनी पोतं ओतलंच नाही, तोंड उघडून एकदा आत हात घातला आणि म्हणाल्या "आज कोरडं हाय." काळे डबे मात्र अजून पडून आहेत, सासूबाईंनी त्यातल्या तीन डब्यांत कोथिंबीर पेरलीय. आता औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपचं काय करू?

वजनकाटा:
प्लास्टिकला फॉइल चिकटलेली, वेफर्सच्या पाकिटासारखीच गत. त्याच पिशवीत टाका. गोळ्या शिल्लक असतील तर मात्र त्या वेगळ्या द्या, 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. आणि ब्लेड किंवा फुटकी काच असेल तर जाड कागदात गुंडाळून ताईंना तोंडी सांगा, त्यांचा हात थेट आत जातो.