एसी लोकल छान आहे हो, पण आमची साधी गाडी कुठे गेली?

बदलापूरकाका
काल एकाने फोटोसकट पोस्ट टाकली, "१५ वर्षांनी लोकलने गेलो, थंडगार एसी, बंद दरवाजे, लख्ख इंडिकेटर, लोक उगाच रडतात". दुपारी दीडला गेलात ना साहेब? दीडला मलापण लोकल आवडते. सकाळी आठला बदलापूरला या, मग बोलू. एसीला विरोध कोणाचाच नाही, पण ती जादा म्हणून आली का? नाही. साधी गाडी काढायची, त्याच टायमाला एसी घालायची आणि त्या गाडीची माणसं मागच्या गाडीत, जी आधीच फुटायला आलेली असते. ऑगस्ट २०२२ ला कळवा आणि बदलापूरला लोक आंदोलनाला उतरले तेव्हा कुठे मध्य रेल्वेने नव्या १० एसी फेऱ्या मागे घेतल्या. ते काय हौस म्हणून उतरले होते? साधं तिकीट ५ पासून, एसीचं ३५ पासून. ही तफावत कोणाच्या खिशातून जाते तेपण लिहा की पोस्टमध्ये.

विंडोवाली
काका राग समजला, पण दरवाजे बंद असणं ही चैन नाहीये. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारातली माणसं रुळावर पडली, विसरलात? माझा सख्खा मामा दारातून पडलेला, वाचला, पण आजही जिना एक एक पायरी चढतो. त्यामुळे ३५ काय, ५० घेतले तरी मी एसीच पकडणार. सगळ्याच गाड्या एसी करा म्हणते मी.

बदलापूरकाका
करा ना सगळ्या, साध्या तिकिटात करा, पहिला हार मी घालतो. मामांचं वाईट वाटलं. पण मामा पडले ते गर्दीमुळे, आणि साधी गाडी काढली की गर्दी वाढते का कमी होते ते तुम्हीच सांगा.

जुनाडीसी
तुम्हा दोघांना आमचा काळ माहीत नाही. ९ डबे, डीसी करंटवरची जुनी गाडी, पंखा अडकला की खिशातला कंगवा जाळीतून घालून पातं फिरवायचं तेव्हा सुरू व्हायचा, आणि ज्याच्याकडे कंगवा तो डब्याचा राजा. पावसात खिडकीचं शटर एकदा खाली आलं की वर जाणार नाही. आता १२ डबे, काही १५, तरी रड आहेच. माणसं किती वाढली त्याबद्दल कोणी बोलत नाही. बदलापूरला आम्ही जागा बघायला गेलेलो तेव्हा नुसती भातशेती होती.

चौथीसीट
खरा प्रॉब्लेम एसी नाहीच आहे. खरा प्रॉब्लेम रिटर्नवाले. बदलापूर लोकल बदलापूरला पोचते तेव्हाच भरलेली असते, कारण अंबरनाथवाले आधीच उलट्या दिशेने बदलापूरला बसून येतात आणि त्याच सीटवरून परत जातात. आम्ही गाडी सुरू होते त्या स्टेशनावर राहतो, तिथेच घर घेतलं ते याच कारणासाठी, आणि तरी उभे. १२ वर्षं झाली, विंडो कशी दिसते विसरलो.

अंबरनाथी
आलाच का हा विषय. मग आम्ही काय करायचं? सरळ चढायला गेलं तर तुमचे ग्रुप दारात उभे, "मागून घे, मागून घे" करत. आत पत्ते चाललेले, पाय ठेवायला जागा आहे पण ठेवू देत नाहीत. म्हणून अर्धा तास आधी उठून रिटर्न करतो, फुकट नाही करत.

चौथीसीट
फुकट नाही? पास कुठपासूनचा आहे ते सांगा आधी.

अंबरनाथी
बदलापूरपासूनचा आहे, फोटो टाकू? तुमच्यासारख्यांसाठीच काढलाय.

चौथीसीट
ठीकाय, तुमचा एकट्याचा असेल. बाकी अख्ख्या डब्याचा काढा फोटो, मग मानतो. आणि रुमाल टाकून चार मित्रांच्या सीट धरता त्यांचा पास कोण काढतो?

दिव्याचाराजू
वा वा, सीटवरून भांडतायत. आम्ही दिव्याचे, आम्हाला सीट नको, एक पाय फूटबोर्डवर मिळाला तरी देवाला नारळ. अंबरनाथ असो नाहीतर बदलापूर, दिवा आलं की सगळे एक होतात आणि दार अडवतात. २०१५ च्या जानेवारीत आमच्याकडे प्रवाशांचं आंदोलन पेटलं तेव्हा टीव्हीवर आम्ही गुंड, आणि फास्ट गाडीला थांबा द्यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. थांबते आता, पण चढायला कोण देतं? माझ्या बायकोला आठव्या महिन्यात दारातून ढकललंय, आणि ढकलणारी पण बाईच होती, कुठली ते बोलत नाही.

बदलापूरकाका
राजूभाऊ, दारातलं चूक, शंभर टक्के. पण आमचा माणूस सव्वा तास उभा असतो, दार सोडलं तर ठाण्याला परत आत येता येत नाही हेपण बघा. विषय एसीचा होता, तो कुठे गेला?

विंडोवाली
विषय तुमच्याच लोकांनी नेला. आणि कल्याणच्या पुढे रूळ दोनच, त्यावरून मेल गाड्यापण जातात. तिसरी-चौथी लाईन कल्याण ते बदलापूर होत नाही तोवर साधी काय नि एसी काय, जादा गाडी घालणार कुठे? ह्याच्यावर बोला की.

बदलापूरकाका
हे मात्र बरोबर बोललात, लिहून ठेवतो, परत योग येईल न येईल. पण मग लाईन होईपर्यंत आहे ती साधी गाडी काढू नका एवढंच तर म्हणतोय पहिल्यापासून.

वांद्रेवाला
आमच्या वेस्टर्नला बघा, २५ डिसेंबर २०१७ ला पहिली एसी बोरिवलीहून सुटली, कोणी बोंब नाही मारली.

जुनाडीसी
वेस्टर्नवाल्यांनी या धाग्यात पडू नये. तुमचा लेट म्हणजे आमचं टायमावर.

अंबरनाथी
@चौथीसीट पासचा फोटो टाकलाय वर, नीट झूम करून बघा. उद्या पुढून तिसरा डबा, विंडोला मीच असेन.

चौथीसीट
बघितला. आजच संपतोय तो.