मदत हवी आहे: उंच ड्रायव्हरसाठी सीट आणखी मागे घ्यायची आहे

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाची उंची ६ फूट ३ इंच. आमच्या हॅचबॅकची सीट पार मागे सरकवली, स्टिअरिंग वर केलं, तरी त्याचा गुडघा खालून घासतोच. परवा कात्रज घाटात ब्रेकवर पाय न्यायला क्षणभर उशीर झाला, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. नाना पेठेत एकजण म्हणाला, पट्टी वेल्ड करून रेल (सीट ज्यावर पुढे-मागे सरकते ती) दोन इंच मागे घेऊ. पण बेल्टचं बकल सीटलाच आहे, सीटखालून एअरबॅगची वायर जाते. धडक बसली तर ते वेल्डिंग टिकेल? पुण्यात कोणी हे काम बोल्टवर, नीट करून घेतलंय का? गाडी बदलणं सध्या परवडणार नाही.